नळकांडं क्रमांक एकशे बारा

शरणपूर रोडच्या ऑफिसातली पत्र्याची नळकांडी
ऋजुता मोजते आहे, स्कॅन करायला.
चारशे सदुसष्ट.
मी खुर्चीत बसून नुसती नावं सांगतो:
हे सटाण्याचं रुग्णालय.
ही नवापूरकडची आश्रमशाळा,
मुलींच्या न्हाणीघराला दार लावायचं
टेंडरात राहून गेलं होतं,
ते माझ्या फीतून लावलं.
हे चांदवडचं मंगल कार्यालय. गच्ची अजून गळते.
दर जुलैत मालकाचा फोन यायचा,
आता मालकाच्या सुनेचा येतो.

एक्याऐंशी साली आम्ही तिघं होतो:
मी, एक ड्रॉइंग बोर्ड आणि दगू गांगुर्डे.
ट्रेसिंगवर चुकून पडलेली रेघ
दगू अर्ध्या ब्लेडनं अशी खरवडायचा
की कागदाला कळू नये.
अमोनियानं डोळे चुरचुरत.
घरात पाऊल टाकलं की बायको म्हणे,
आज प्रिंटा काढल्या वाटतं.

पुण्यातले वर्गमित्र विचारायचे, नाशकात काय करतोस?
मी म्हणे, एसटी पकडतो.
साक्री, मालेगाव, येवला, पुन्हा साक्री.
प्रत्येक गावाचा दगड वेगळं बोलतो
असं मी भाषणांत म्हणायचो.
खरं तर दगड सगळीकडे तोच, काळा, गप्प.
बोलायचे ते मिस्त्री.
सिन्नरच्या साइटवर बाबूलालनं माझा जिना पाहिला,
विडी विझवून कानावर ठेवली,
"साहेब, म्हातारं माणूस हितं दम कुठं खाणार?"
तेव्हापासून माझ्या प्रत्येक जिन्याला
नवव्या पायरीशी एक ऐसपैस लँडिंग असतं.
पुढं कुणीतरी त्याला माझी शैली म्हटलं.
मी खोडून काढलं नाही.

"सर, एकशे बारा?"
ते राहू दे, म्हणतो.
तोवर तिनं झाकण काढलेलं असतं.

गंगेकाठचा लॉज. तीन मजली.
कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षीचा.
ऑफिसात चौदा पगार होते,
त्यातले दोन महिन्यांचे थकलेले.
एकोणसत्तरच्या पुराची रेषा
मी स्वतःच काढली होती प्लॅनवर,
रेघ, टिंब, रेघ, टिंब.
मालक वाकून बघत म्हणाला,
ही जरा अलीकडे घेता येईल का?
रेषाच तर आहे साहेब, नदी थोडीच आहे.

दगू रजेवर होता.
ब्लेड मी घेतलं.
जागेवर चार मीटर, कागदावर दोन सेंटिमीटर.
कागदाला कळलं नाही.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं
की सगळं नाशिक दुतोंड्या मारुतीकडे बघतं:
गुडघे बुडाले, कंबर बुडाली, छातीला लागलं.
मी त्याच गर्दीत उभा राहून
त्या लॉजचा जिना बघतो.
पाचवी पायरी. सातवी.
एका वर्षी नववी.
तिथं पाणी थांबलं,
दम खाल्ला,
आणि वर गेलं.

माणूस कुणी गेलं नाही. गाद्या भिजल्या.
ऊन पडल्यावर मॅनेजरनं त्या कठड्यावर वाळत घातल्या,
मी काढलेल्या कठड्यावर, मापात बसल्या.
त्याच हिवाळ्यात माझा सत्कार झाला.
शाल अंगावर घेऊन मी
दगडांबद्दल बोललो.

ऋजुता कागद खिडकीशी धरते.
एका जागी उजेड जास्त येतो,
ट्रेसिंग तिथं झिरझिरीत झालंय, कांद्याच्या पापुद्र्यासारखं.
"इथं काहीतरी होतं, सर."
होतं.
स्कॅनरला नाही दिसणार ते. पेन्सिल दे.

हात आता थरथरतो.
रेघ, टिंब, रेघ
सरळ येईना, वळत गेली, काठ घेत गेली,
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
नदीसारखी दिसली.

तिनं काही विचारलं नाही.
कोपऱ्यात आजची तारीख घातली,
माझी सही घेतली,
आणि म्हणाली, एकशे तेरा?