दहा तेत्री

परीक्षेला नऊ दिवस उरलेत.
पुस्तक पिठाच्या पोत्यावर उघडं आहे,
घरात दुसरी सपाट जागा नाही
आणि भट्टीच्या तोंडाशी ऊब असते.

तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय :
संगनमताला कागद लागत नाही,
सही नाही, शिक्का नाही.
एकाची मान हलली, दुसऱ्यानं पाहिली,
एवढं पुरतं.

मी पेन्सिल खाली ठेवली.

तिबिलिसीत, चुगुरेतीच्या चढावर, तीन बेकऱ्या.
आमची, नुगझारकाकांची,
आणि खाली औषधांच्या दुकानाशेजारी ओतारची.
मी शाळेत होते तेव्हा ओतारचा पाव पाच तेत्रींनी स्वस्त होता
आणि बाबा पहाटे चारला उठून
पीठ असं मळायचे, जणू त्याच्याशीच वैर आहे.
ते वैर खमंग लागायचं.
लोक धापा टाकत चढ चढून यायचे.

मग ओतारच्या नातवाचा बाप्तिस्मा.
टेबलावर अक्रोड भरलेली वांगी, काखेतीची वाइन,
आणि तमादा म्हणून बाबा उभे.
पहिला पेला देवाला, दुसरा गेलेल्यांना,
सातवा की आठवा शेजारधर्माला.
"शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या पोटावर पाय देऊ नये,"
बाबा म्हणाले. तिघांनी पेले उपडे केले.

सोमवारी तिन्ही पाट्यांवर एकच आकडा,
दहा तेत्रींनी वाढलेला.

पीठ महागलं होतं, हे खरं आहे.
दोन तेत्रींनी.

उरलेल्या आठांत माझी फी आहे.
हे कुठल्याच प्रकरणात नाही.

भट्टी गॅसवर जळते. गॅसची नळी एकच,
सगळ्या चढाला मिळून एक.
दुसरी कोण टाकणार, आणि कशाला?
तिथं स्पर्धा लावायची तर नळीची कोणाशी लावणार?
म्हणून तिथं आयोग बसतो आणि दर ठरवतो.
बाबा हात पुसत विचारतात :
"आम्ही तिघं बसलो तर साटंलोटं,
ते पाच बसले की नियमन.
तुझ्या बाई काय म्हणतात यावर?"

लामारा बाई काही म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, सुनावणीला जाऊन बस.

बसले. उंच छत, खरखरणारा माईक,
कंपनीचे चार वकील आणि त्यांचे रंगीत आलेख.
मागच्या रांगेत त्सियाला नावाची निवृत्त नर्स,
प्लास्टिकच्या पिशवीत अकरा महिन्यांची बिलं.
तिनं विचारलं,
"तुमच्या नळीतून जो गॅस गळतो
तो मी कधी जाळला?"
एक वकील हसला.
आयोगातल्या एकानं मात्र लिहून घेतलं.

महिन्यानं आदेश आला. पान चौदा :
गळतीचा निम्मा खर्च कंपनीनं सोसावा.
निम्माच.
आणि मागच्या आयोगाचे अध्यक्ष
आता त्याच कंपनीत सल्लागार आहेत,
कुंपणाला शेताची चव कळलेली असते.
तरीही पान चौदा आहे.
त्यावर कारण लिहिलेलं आहे, कोणीही वाचावं असं,
आणि कारणाच्या आत कुठंतरी
ती प्लास्टिकची पिशवी आहे.

बाप्तिस्म्याच्या टेबलाभोवती तेवीस माणसं होती.
पाव विकत घेणारं एकही नव्हतं.
बेकरांच्या घरी पाव कोण विकत घेतं?

आज पहाटे चारला मी बाबांना म्हटलं, "दोन."
"दोन काय?"
"पीठ दोननंच वाढलं होतं."

त्यांनी कणीक लांबवली,
अर्धे भट्टीत वाकले,
पाव तापल्या भिंतीला थापला
आणि बराच वेळ वर आले नाहीत.

वर आले तेव्हा चेहरा लाल. धगीनं असेल.
पाटीकडे पाहिलं.
मग मान हलली, किंचित,
होकार होता की मानेवरचा घाम झटकला,
कोर्टात सिद्ध होणार नाही.

मी पाहिली.

प्रकरण तिसरं, पुन्हा पहिल्यापासून.
पानाच्या कडेला पिठाचा ठसा उमटलाय,
बोट माझंच आहे.