आवा दे

भिकूमामा शिर्के, वय चौऱ्याहत्तर,
पुढच्याच सीटवर बसणार म्हणाला.
बेल्ट मीच लावून दिला.
पहाटे पावणेसहाला मकरपुऱ्यातून निघालो,
डॅशबोर्डवर साबणाच्या वडीएवढा डबा,
त्याचा हिरवा दिवा मामाच्या चष्म्यात.

"हा काय करतो?"
बोलतो, म्हटलं.
सेकंदाला दहा वेळा सांगतो सगळ्यांना :
मी इथे आहे, वेग एवढा, तोंड सुरतेकडे,
आता ब्रेक दाबला, आता सोडला.
"सगळ्यांना म्हंजे?"
म्हणजे ज्यांच्याकडे असाच डबा आहे त्यांना.
सध्या सात. चार ट्रक, आमच्या तीन गाड्या.
मामा हसला, उरलेले दात दिसले.
"पंगत सात पानांची, आणि हायवेवर अख्खं गाव जेवायला."

एकोणीस वर्षं तो रसूलभाईच्या ट्रकवर क्लीनर.
वापी, भिवंडी, परत. कापूस, खत, कधी फरशा.
डाव्या दाराबाहेर अर्धा लटकून
पत्र्यावर तळहात मारायचा :
एक थाप, थांब.
दोन थापा, जाऊ दे.
ट्रक मागे घेताना टायरशी उभा राहून
आवा दे, आवा दे, आवा दे…
बस!
घरी मराठी, देवाशी मराठी,
ट्रकशी मात्र गुजराती.

गाडी बंद पडली की बाभळीची फांदी
पन्नास पावलं मागे, रस्त्यात, तीन दगडांनी दाबून.
हे मी प्रोजेक्टच्या पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं होतं.
हेतलने स्लाइडवर फांदीचं चित्र टाकलं.
साहेबांनी काढायला लावलं.

जांबुव्याच्या पुलाआधी धुकं,
ओल्या कापसाच्या गाठीत डोकं खुपसावं तसं.
मामाने बोलणं थांबवलं, काच खाली केली.
डिझेलचा वास आत आला,
आणि कुठूनतरी एक घंटा, बारकी.
काच लाव, म्हटलं, सेन्सर बिघडेल.
काचेचा नि सेन्सरचा काही संबंध नव्हता,
मला थंडी वाजत होती.

तेवढ्यात डबा किंचाळला.
लाल चौकोन :
पुढे जड वाहन, जोरात ब्रेक, एकशेदहा मीटर.
माझा पाय खाली गेला, आणि
त्याच्या आधी की नंतर, देव जाणे,
बाहेरून दाराच्या पत्र्यावर
धाड्.
एकच.

थांबलो. समोर नुसतं पांढरं.
मग आमच्या चार नंबरच्या ट्रकचे मागचे दिवे
सावकाश उगवले, आणि त्याच्याही पलीकडे
मेंढरं,
एकमेकांच्या पाठीवर हनुवट्या टेकून रस्ता ओलांडणारी, शंभर, दीडशे.
मधोमध एक भरवाड, कानांवर शाल,
काठी आडवी धरून
न दिसणाऱ्या सगळ्या गाड्यांकडे बघत उभा.
त्याच्याकडे डबा नव्हता.

आमच्या मागून काय येतंय
ते डब्याला ठाऊक नव्हतं. मागे कुणाकडेच डबा नव्हता.
मी दिवे लुकलुकत ठेवले, पुढे काय करावं याचा विचार करत होते
तोवर मामा उतरून गेलाही होता,
कडेकडेने, मफलर काढून हातात,
आणि धुक्यातून त्याचा आवाज तेवढा येत होता,
कुठल्याशा टेंपोला :
बस! बस! अरे बस!

ऑफिसात लॉग उघडला.
इशारा, पाच अठ्ठावन्न. ब्रेक, शून्य पूर्णांक सहा सेकंदांनी.
थापेला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं, "प्रवाशाने दार वाजवले",
मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

दांडिया बाजारात मामाला सोडताना
त्याने खिडकीतून डोकं आत घातलं.
"तुझा डबा 'बस' म्हणतो, ते ऐकलं मी.
'आवा दे' म्हणतो का?"

अजून नाही, म्हटलं.

त्याने मागे वळून बोळ पाहिला,
एक स्कूटर, एक दूधवाला, झोपलेलं कुत्रं,
मग माझ्या गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला,
हात वर.