समासातली पेन्सिल

गुरुवारी वेस्ट्रेच्या धक्क्यावर फिरत्या वाचनालयाची गाडी उतरते.
एली ड्रेव्हर हीटर लावते, दार उघडते
आणि मला बघून खालच्या फळीकडे बोट करते:
"नवं आलंय, सिगर्ड. काळं मुखपृष्ठ, वर चांदीचा चंद्र."

एकाहत्तर वय माझं. बेचाळीस वर्षं इथली फेरीबोट चालवली.
युद्धं, चरित्रं, बुडालेल्या जहाजांची पुस्तकं
दोन हिवाळ्यांत वाचून संपली.
उरली ही, 'तरुणांसाठी' असा हिरवा ठिपका लावलेली.
डिसेंबरात इथे सव्वातीनला सूर्य बुडतो.
माणसाने करावं काय?

तर माझी मतं.
कुणी विचारली नाहीत, म्हणून समासात लिहितो.

माणसाचे लांडगे होतात, होवोत.
पण एका महिन्यात तीन पौर्णिमा?
मग उधाणं किती, आणि भांग कधी?
या गावात एक बोट धड धक्क्याला लागली नसती.

रक्त पिणारा तो देखणा पोरगा तीनशे वर्षांचा
आणि अजून बीजगणिताच्या तासाला बसतो.
जाळं विणायला शिकायचं तर तीन हिवाळे पुरतात.
नायिका दर प्रकरणात अडखळते, तो झेलतो.
तिचे कान तपासून घ्या कुणीतरी.
आया मेलेल्या, नाहीतर रात्रपाळीला.
रांधतं कोण या घरांत?

पंखवाल्यांना मात्र मी सोडून दिलं.
जुलैत कड्यावर गॅनेट बघितलेत मी,
सहा फुटी पंख, आणि अंगाला मासळीचा असा वास
की प्रेमात पडायला धाडसच हवं.

चौथ्या भागात माझ्या शेऱ्याखाली जांभळी अक्षरं सापडली:
"तुम्ही जे कोणी आहात, ही गोष्ट बोटींची नाहीये."
आणि पुढच्या पानावर, जरा दाबून:
"तीनशे वर्षं तुमच्याकडे कुणी बघितलंच नाही,
आणि एक दिवस वर्गात कुणीतरी मान वळवतं.
एवढंच आहे ते."

त्या संध्याकाळी मी पुढे वाचलं नाही.
चहा दोनदा गार झाला.

शाळेत मोठी मुलं नऊ. दुकानात दिसतात.
कुणाच्या बोटांना जांभळं लागलंय
ते मी बघत नाही.

मार्चमध्ये सील-माणसांचं पुस्तक आलं.
पाणी आमचं, लिहिणारी कुठल्यातरी कोरड्या शहरातली.
सीलची पोरगी किनाऱ्यावर येते, एका पोरावर भाळते,
आणि शेवटच्या पानावर आपलं कातडं आपल्याच हाताने जाळते.
राहते.
त्या ओळीखाली जांभळी रेघ, तीनदा ओढलेली.

मी लिहिलं, "खोटं."
मग खोडलं.

थोरा गेली ती साडेसातच्या फेरीने, ऑक्टोबरात.
तपकिरी सूटकेस. तिकीट खालच्या पोराने फाडलं.
सुकाणूवर मी.
हवा खराब आहे म्हणता आलं असतं,
इंजिन कुरकुरतंय म्हणता आलं असतं.
समुद्र ताटासारखा.
कर्कवॉलला मी तिला वेळेआधी पाच मिनिटं पोचवलं.
ती पाच मिनिटं
अजून सलतात.

खोडलेल्या जागी कागद जरा झिजला होता.
तिथेच बारीक अक्षरात लिहिलं:
"कातडं जाळू नये, बाळ. लपवूही नये कुणी.
दाराशी खुंटीवर असावं, हाताला येईल असं.
तरी राहिली, तर राहिली."
आणि खाली, कारण राहवलं नाही:
"सील ओल्या कुत्र्यासारखे वास मारतात. पान ४६ चुकीचं आहे."

ते पुस्तक अजून परत आलेलं नाही.
"दोनदा मुदत वाढवून घेतलीय कुणीतरी," एली म्हणते,
कुणी ते सांगत नाही, मीही विचारत नाही.
या खेपेला ड्रॅगन.
पाचशे बारा पानं, आणि पहिल्याच ओळीत पौर्णिमा.
चाकूने मी पेन्सिलीला टोक काढतो.