सत्तावन्न मोती

खेळ बंद होणार होता मंगळवारी, रात्री बारा वाजता,
आणि मी एक्स-रेची शिफ्ट बदलून घेतली
नात्यात लग्न आहे असं सांगून.
ग्रिम्सबीत मंगळवारी रात्री कोण लग्न करतं?
मॉरीननं नुसतं बरं म्हटलं.

सात वर्षांपूर्वी पंचेचाळीस पौंड मोजून आणला होता.
खोक्यात कागदी नकाशा होता, आता घड्यांवर फाटलेला.
तेव्हा जाळं फाटलं की स्वतः विणायचं,
गाठ चुकली की बांगडे निसटायचे,
आणि चूक माझी असायची, अख्खी माझी,
तिच्यात कुणाची भागीदारी नव्हती.

मग मोती आले.
जाळं आठ तासांनी नीट होईल,
किंवा ऐंशी मोत्यांत आत्ता.
ऐंशी मोती कुठेच मिळत नाहीत.
पंचाहत्तर मिळतात, नाहीतर एकदम दोनशे.
हा हिशेब ज्यानं बसवला
त्याला मी रात्री दोन वाजता शिव्या दिल्या, मराठीत,
कारण इंग्रजीतल्या माझ्या शिव्या
अजून पाहुण्यासारख्या अंग चोरून बसतात.

मग धुकं आलं,
आणि धुक्यापाठोपाठ दिवा, विकत.
डेस्मंड म्हणाला, माझा बाप खऱ्या ट्रॉलरवर होता,
आइसलंडपर्यंत जायचा.
मालक एक नंबरचा हलकट,
पण वाऱ्याचे पैसे त्यानंही कधी लावले नाहीत.

डेस्मंड राहतो तीन मैलांवर.
सात वर्षांत भेटलो नाही.
समुद्रात रोज दिसायचा, गरज पडली नाही.

आमच्या इचलकरंजीच्या गल्लीत
हरलेल्या गोट्या निदान कुणाच्या तरी खिशात वाजायच्या.
राज्य आलं की घ्यावंच लागायचं,
पैसे टाकून चुकवता येत नसे,
आणि शेंबडं पोर आलं तर ते कच्चं लिंबू,
त्याला आउट नाही.
रडीचा डाव खेळणाऱ्याचं घर माहीत असायचं आम्हाला,
त्याच्या आईचं नावसुद्धा.
या लोकांचं घर कुठे आहे?
मेल आली: आमच्या प्रवासात सोबत केल्याबद्दल आभार.
खाली सही एका टीमची,
त्याच्याही खाली बारीक अक्षरं:
आपण विकत घेतली होती ती परवानगी.

पावणेबाराला सगळ्या बोटी धक्क्याला लागल्या.
मासळीबाजार दुपारीच मिटला होता,
दीपगृह विझलं,
बर्फाचं गोदाम, गुत्ता, एकेक पाटी कोरी होत गेली.
दुकान उघडं.
पिवळ्या टोप्या, निम्म्या किमतीत.

तेवढ्यात एक नवं पोर आलं,
नाव टॅडपोल नऊ, होडीला अजून रंगाचा वास असावा अशी कोरी.
विचारतं, जाळं कसं टाकतात?
चाळीस बोटी उभ्या होत्या.
कुणी त्याला काही सांगितलं नाही.
आणि डेस्मंड, ज्यानं सात वर्षं त्या दुकानाचा उंबरा ओलांडला नव्हता,
त्यानं कार्ड काढलं,
आणि पिवळी टोपी पोराच्या डोक्यावर ठेवली.
मला राग आला.
अजून येतो.

पोराला बांगडा लागला. एकच.
आम्ही चाळीस भोंगे वाजवले.

बाराला दोन मिनिटं होती,
डेस्मंड लिहीत होता,
शनिवारी सकाळी मी असतो फ्रीमन स्ट्रीटवरच्या
आणि समुद्र गेला.
शेवटची दोन मिनिटंही त्यांनीच खाल्ली.
त्याचं वाक्य तुटलं.
खाली दुकानाचं वाक्य धडधाकट होतं,
फक्त आज, त्वरा करा.

शनिवार. फ्रीमन स्ट्रीट.
मार्केट, बेटिंग शॉप, दोन कॅफे, तिसऱ्याला कुलूप.
अडुसष्टीचा असेल. चेहरा माहीत नाही.
बोट असती तर लांबून ओळखली असती.
खात्यात माझे सत्तावन्न मोती अजून आहेत,
कुठल्या पाण्यात, कोण जाणे.
चहा एक पौंड साठ.
बाईनं एक पौंड साठच घेतले.
मी खिडकीपाशी बसले आहे, दाराकडे तोंड करून.