मुरत ठेवलेलं

सप्टेंबरात लुझ्नित्से नदीचा पूर ओसरला
आणि बंधाऱ्याच्या जाळीत अडकलेलं ओकचं मूळ
रादोवान सायकलला बांधून घेऊन आला.
माझ्या हाताएवढं लांब, तीन फाटे,
एका फाट्याला कुणाच्या तरी नावेची निळी दोरी.
म्हणाला, आनेश्काच्या माशांच्या टाकीसाठी.

याआधीची दोन नापास झाली होती.
एक पाइनचं, त्याचा राळेचा वास हटेना.
दुसऱ्यात नख रुतलं, लोण्यात रुतावं तसं.
ह्यात त्याने नख खुपसलं तर नखच मोडलं.
एवढा खूश तो मला
निवृत्तीच्या दिवशीसुद्धा दिसला नव्हता.

चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत
ह्या माणसाने झाडांचा लगदा केला.
खोडं यायची, मोजायची, पुढे ढकलायची.
एकाही लाकडाकडे त्याने दुसऱ्यांदा पाहिलं नसेल.
आता अंगणात स्टुलावर बसून
जेवणाच्या सुरीने साल सोलतो,
फटीतली माती दातांच्या ब्रशने काढतो.
(ब्रश माझा. जुना, पण माझा.)
साबण देऊ का, मी विचारलं.
त्याने असं पाहिलं माझ्याकडे
जणू मी विषच कालवून आणलं होतं.

मग काकड्यांच्या लोणच्याचं मोठं पातेलं गेलं.
मूळ त्यात मावेना,
तर एक टोक दोन तास उकळलं,
मग उलटं करून दुसरं.
घरभर शाळेतल्या ओल्या बाकांचा वास.
पाणी काळ्या चहासारखं उतरलं.
ओतलं. पुन्हा भरलं. पुन्हा काळं.

आणि एवढं सगळं करून ते तरंगलं!

टबात ठेवलं. वर दगड ठेवला,
कोबी आंबवायच्या बरणीतला माझा दगड,
जो माझ्या आईने मला लग्नात दिला होता.
दगड काढला की मूळ टुणकन वर.
ऑक्टोबरभर आम्ही स्वयंपाकघरात
बादलीतल्या पाण्याने आंघोळ केली.
कधी बुडणार हे?
मुरलं की.
कोबी तीन आठवड्यांत मुरतो.
हा कोबी नाही, क्वेतुशे.

पैसे बुडतात, गिरणीही बुडाली शेवटी,
तिच्याबरोबर त्याच्या भावाचे सगळे शेअर.
काहीतरी बुडावं म्हणून
रोज सकाळी वाकून पाहणारं घर
गावात बहुधा आमचं एकच.

बावीस डिसेंबरला चौकातल्या पिंपातून
नाताळचा कार्प आणला, दरवर्षीसारखा.
त्यालाही टबच लागतो.
आनेश्का आली होती. तिने त्याचं नाव ठेवलं,
मी ते ऐकलं नाही, मुद्दाम.
मासा दिवसभर मुळामागे लपून राहिला.

तेवीसच्या रात्री मला दगड हवा झाला.
कोबीची नवी बरणी भरली होती,
वर फुगून येत होती.
बाही वर करून हात घातला, दगड उचलला,
आणि तोंडावर पाणी उडणार म्हणून डोळे मिटले.

काही उडालं नाही.
मूळ जरासं हललं, कूस बदलल्यासारखं,
आणि तळाशी तसंच राहिलं.
मासा त्याच्या फाट्याखालून आरपार गेला.

मी टबाच्या काठावर बसले, बाही ओली.
आतल्या खोलीत तो घोरत होता.
हाक मारायला तोंड उघडलं
आणि मिटलं.
दगड होता तसा परत ठेवला.
सकाळी त्यानेच काढावा.
कोबीला एक रात्र काय होतंय.

मासा आम्ही खाल्ला, खोटं का सांगू.
आनेश्काने दोन तुकडे खाल्ले,
बटाट्याच्या सॅलडबरोबर.

जानेवारीत तिचा रडत फोन,
लाकडाला पांढरी बुरशी आली, ते आजारी आहे.
गोगलगायी खातील, हा पलीकडून ओरडला.
मी विचारलं, पाणी कसं आहे?
चहासारखं, आजी. फिकट चहा.
आणि मासे दिसतात?
कधी दिसतात.

निळी दोरी मी टाकली नाही.
बरणीच्या तोंडावर फडकं बांधायला
बरी पडते.