शून्य निकाल

डंडीतल्या एका संस्थेनं मला बोलावलं,
म्हणे वेबसाइट जुनाट दिसते, जरा तरतरीत करा.
रंग कुठले, अक्षरं कुठली, एवढंच माझं काम.
बैठकीत बिस्किटं होती, विश्वस्त ओगिल्व्ही होते,
खिडकीत टे नदी, करड्या पत्र्यासारखी.

साइट उघडली की आधी एक कुत्रा यायचा.
ब्राउटी फेरीच्या वाळूत उभा, कान वाऱ्यावर,
कुणीतरी हौसेनं काढलेला, पडदाभर फोटो.
त्यावर केशरी बटण: दान करा.
मग आमचा प्रवास, आमचं स्वप्न, आमची माणसं,
टाय लावलेली नऊ माणसं.
वीज संपलेल्यांनी फिरवायचा नंबर
सातव्या पानावर, एका पीडीएफच्या पोटात
गाढ झोपला होता.

रंगांच्या आधी मी शोधचौकटीची नोंद मागितली.
ती कुणी उघडलीच नव्हती.
आम्ही लिहिलं होतं, ऊर्जा साहाय्य योजना.
लोकांनी टाइप केलं होतं
मीटर
मीटर संपला
हीटर उसना
बाळाला गार लागतं
आज
आज मिळेल का, रात्री दोन चाळीसला,
आणि एकानं नुसतंच
कोणी आहे का.
प्रत्येकाला आमच्या यंत्राचं तेच सभ्य उत्तर:
शून्य निकाल. कृपया शुद्धलेखन तपासा.

ते पान छापून मी बिस्किटांशेजारी ठेवलं.
ओगिल्व्हींनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"पण देणारे आधी दिसले पाहिजेत," ते म्हणाले,
"देणारेच नसले तर द्यायचं काय?"
खोटं नव्हतं ते.
म्हणून तर मला उत्तर सुचेना.

मग वाचनालयात सेंगा पेट्री आली.
अडुसष्ट वर्षं, चष्म्याच्या दांडीला चिकटपट्टी.
एके काळी कारखान्यात घड्याळांना काटे बसवायची;
तीच बोटं आता तडकलेल्या काचेवर
कुठे टेकावं म्हणून अडखळत होती.
मी मुद्दाम तिचाच फोन घ्यायला सांगितला.
कुत्र्याचे कान उतरले, डोळे उतरले,
छातीपाशी येईतो तिचा डेटा संपला.

"माफ कर हं पोरी, माझंच चुकतंय."

वाचनालयाच्या संगणकावर बसवलं तिला.
अर्ज सापडला, बावीस मिनिटांनी.
अडचणीचं कारण लिहा, किमान पाचशे अक्षरं.
तिनं लिहिलं, नवरा गेला.
खाली आकडा लुकलुकला: अजून चारशे एक्क्याण्णव.
ती आकड्याकडे बघत राहिली.
मी वहीच्या समासात रेघा ओढत होते,
तिच्या प्रत्येक माफीला एक.
अकरा झाल्या.

पुढचे दोन महिने मी नवीन काही केलं नाही,
नुसतं काढत गेले.
स्वप्न काढलं, प्रवास काढला, टाय काढले,
कारणाचा रकाना मुळासकट काढला.
नंबर जागा करून माथ्यावर आणला.
मीटर लिहिलं तर मीटर सापडेल,
गार लिहिलं तरी सापडेल,
आणि कोणी आहे का, याला
रात्रपाळीवरच्या इशबेलचा फोन.
केशरी बटण ठेवलं, दोन बोटं खाली.

पहिल्या महिन्यात दान थोडं घटलं.
ओगिल्व्हींनी मला फक्त आकडा पाठवला.
तो मी अजून खोडलेला नाही.

सेंगा दुसऱ्यांदा आली तेव्हा एकोणीस सेकंद लागले.
"एवढंच?" म्हणाली,
दुकानदारानं जास्त सुटे परत दिल्यासारखी
संशयानं माझ्याकडे बघत.
मग पडदा खाली-वर करून,
"कुत्रा कुठे गेला गं?"

जड होता, मी म्हटलं. तुमचा डेटा खायचा.

"ते ठीक. पण त्याचे पाय
पाहायचे राहिले माझे."

आता तो अगदी तळाशी आहे,
टपालाच्या तिकिटाएवढा,
पत्त्याच्या खाली, कुणाच्या वाटेत न येता,
चारही पाय वाळूत.