चेंबर नंबर तीन

पुढच्या गेटनं मी आज पहिल्यांदाच आलो.
त्या रात्री मागून शिरलो होतो,
शववाहिकेच्या ड्रायव्हरला रस्ता पाठ होता
आणि मी बघत होतो फक्त
दादांच्या अंगठ्याला बांधलेली चिठ्ठी.

आज हातात पिशवी. पिशवीत
मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत, दोन झेरॉक्स,
आधार कार्डं, त्यांचं आणि माझं.
कात्रजच्या बसमधून उतरलो तेव्हा बारा वाजून गेलेले.
"ऑफिस दीडला बंद," वॉचमन शेंडकर म्हणाले,
"अडीचला उघडतं. म्हणजे तीन धरा."

फाटकापाशीच काचेत नकाशा आहे.
'आपण येथे आहात' असं लिहिलंय
आणि लाल ठिपका उन्हानं उडून गेलाय.
म्हणजे आहोत, एवढं नक्की.

दंतविज्ञान सरळ, परिचर्या डावीकडे,
आयुर्वेद वर.
वर म्हणजे टेकडीवर की दुसऱ्या मजल्यावर
ते बाणाला विचारता येत नाही.
एका पोरानं हिंदीत सांगितलं, गोल वळसा घ्या.
घेतला. पुन्हा तोच पोरगा, तोच वडापाव,
अर्धा संपलेला.

फिजिओथेरपीच्या दारातून एक आजोबा दिसले,
दोन दांड्या धरून चालायला शिकत होते.
त्यांनाही विचारलं.
"मी अजून या चटईपलीकडे गेलो नाही हो," ते म्हणाले,
आणि हसले, आणि पुन्हा डावा पाय.

मग मी कट्ट्यावर बसलो.

दादांनी इथे बावीस वर्षं काढली.
वामन सोपान कुदळे, प्लंबर, कंत्राटी.
इमारतींची नावं त्यांना कधीच आली नाहीत.
ते म्हणायचे : गळकी. गरम पाण्याची.
ओतीव पाइपांची. आणि ती,
जिच्या टाकीवर कबुतरं मरतात.
रात्री जेवताना भाताच्या ढिगातून बोटानं लाइन काढायचे,
पहिलं चेंबर, दुसरं,
तिसऱ्यापासून डावीकडे दीड इंची,
आणि आई म्हणायची, आधी जेवा.

त्या डावीकडच्या इमारतीत नळ फार.
"पोरं सारखी हात धुतात," म्हणायचे, "फार वेळ धुतात."
तिथलंच बेसिन बदलताना
फॉर्म घेऊन आले होते, घडी करून, पान्याच्या पिशवीत.
आई दोन दिवस बोलली नाही.
"अगं, माझ्या कामाचीच तर जागा आहे,"
तिसऱ्या दिवशी ते म्हणाले,
आणि तिनं चहा टाकला.

मी पाट्या सोडल्या. खाली बघत चालू लागलो.
एक. लोखंडी झाकण, वर शेवग्याच्या शेंगेचं टरफल.
दोन सापडेना. मग पार्किंगमध्ये, एका स्कूटीखाली.
तीन. सिमेंटची कड, त्यात चार बोटांचे ठसे,
ओलं असताना टेकलेला हात.
कुणाचाही असेल.
मी माझी बोटं ठेवून पाहिली नाहीत.
डावीकडे वळलो.

खरातबाईंनी कागद घेतले, शिक्का मारला.
"आत नाव नसतं," म्हणाल्या, "नंबर असतो."
नंबर मी विचारला नाही. त्यांनी सांगितलाही नाही.
वर पंखा, कुठेतरी आत
वाहत्या पाण्याचा आवाज,
एक वाजून पंचवीस.

परत निघालो तर तिसऱ्या चेंबरपाशी एक मुलगी,
नव्या कोटाच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत.
"काका, अ‍ॅनाटॉमी कुठे? पहिलाच दिवस आहे माझा."
बोलणं धडगावकडचं वाटलं.
"वर बघू नकोस," मी म्हणालो, "हे झाकण दिसतंय?
इथून डावीकडे."
ती धावलीच.
"आणि हात धुतलेस की
नळ घट्ट बंद कर, बरं का."
"हो काका," ती धावता धावता म्हणाली,
का म्हणून विचारलं नाही.